कमरेतला सांधा : वारली चित्र आणि दगडी जडावकाम

शहापूरहून मुरबाडकडे जाताना एका शेतघराच्या ओट्यावर मी तारपानाच पाहिला. तांदळाच्या पिठाचा नव्हे, दगडाचा. काळ्या कडप्प्यात खाचा पाडून पांढऱ्या संगमरवराचे तुकडे बसवलेले. काम सुबक होते, तरी नाचणाऱ्यांच्या कमरेपाशी नजर अडखळली.

वारली माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. बांबूच्या काडीने काढताना हा बिंदू सहज साधतो आणि त्या तोलातूनच आकृती नाचते. दगडात मात्र अणकुचीदार टोक घासताना तुटते. म्हणून कारागिराने कंबर जाड केली होती. नाच थांबला तो तिथे.

चित्र दगडात नेण्याची परंपरा जुनी आहे. रोमच्या सेंट पीटर्समध्ये दमट हवेने तैलचित्रे खराब होऊ लागली, तेव्हा रंगीत काचेच्या बारीक तुकड्यांतून त्यांच्या प्रतिकृती घडवल्या गेल्या. राफाएलच्या ‘ट्रान्सफिगरेशन’ची अशी प्रत 1767 साली पुरी झाली. लांबून पाहणाऱ्याला ती रंगवलेलीच वाटते. तुकडा दिसू नये, हेच त्या कौशल्याचे ध्येय. फ्लॉरेन्सच्या कारागिरांची वाट वेगळी. तारेच्या धनुष्याने आणि कुरुंदाच्या भुकटीने दगड कापताना ते त्याची नैसर्गिक शीर आकाश म्हणून, डाग ढग म्हणून वापरत. तिथे दगडालाही मत असते. पहिली प्रतिकृती, दुसरे भाष्य.

तिसरा प्रकार दिल्लीत आहे. लाल किल्ल्याच्या दिवाण-ए-आममध्ये शाहजहानच्या सिंहासनामागे वाद्य वाजवणाऱ्या ऑर्फियसची फ्लॉरेन्टाइन फरसी बसवलेली आहे. त्याच्या संगीताने पशू शांत होतात. कलेतिहासकार एबा कॉख यांनी दाखवले आहे, की मोगल दरबारात हे दृश्य सॉलोमनच्या न्यायाशी जोडून वाचता येत होते. ज्याच्या राज्यात सिंह आणि शेळी एकत्र नांदतात, त्या राजाचे. दगड तोच, रेघही तीच. जागा बदलली आणि अर्थ बदलला.

ही कसोटी आपल्या ओट्याला लावू. जिव्या सोमा मशे यांनी 1970च्या दशकात वारली रेषा कागदावर आणि शेणाने सारवलेल्या कापडावर आणली, तेव्हाही जागा बदलली होती. मात्र त्यांच्या मासेमारीच्या जाळ्यातले असंख्य बारीक फटकारे हाताची थरथर जपतात. त्याआधी हे चित्र लग्नघरातल्या भिंतीवर सवाशिणी काढत. पालघट देवीचा चौक, धवलेरीची गाणी, आणि काळाबरोबर पुसट होत जाणारे पीठ. पुन्हा लग्न, पुन्हा चौक. टिकणे हे त्याचे ध्येयच नव्हते.

2014 साली पालघर जिल्हा वेगळा झाला. डहाणू, जव्हार, तलासरी तिकडे गेले. शहापूर आणि मुरबाड ठाण्यातच राहिले. त्याच वर्षी वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळाले. प्रसिद्धी रेघेला मिळाली. रेघ काढणाऱ्या बायका मात्र बहुतांशी अनामिकच राहिल्या. म्हणून दगडी प्रतीबद्दल माझा प्रश्न सौंदर्यापुरता नाही. नाच ओट्यावर चालेल, नाच मातीवरच होतो. पण पालघटाचा चौक पायाखाली आला, तर तो अर्थांतर नव्हे, अनादर ठरेल.

मग दगडात वारली चित्र करूच नये का? करावे, पण कंबर जाड न करता. वरचा त्रिकोण एक तुकडा, खालचा दुसरा. दोघांमध्ये केसाएवढी काळी फट राहू द्यावी. हाताने साधलेला तोल दगडाने सांधा म्हणून सांगावा. त्याच ओट्यावर नाचणाऱ्यांच्या हातांपाशी नकळत तसे झाले होते. प्रत्येकाचा हात वेगळा तुकडा, मध्ये काळी रेघ, आणि तरी फेर अखंड. मला ते काम आवडले, ते एवढ्यासाठीच.

टिकण्याच्या हव्यासाबद्दल मात्र इथला घाट बोलतो. मुरबाडच्या वैशाखरे गावाकडून नाणेघाट चढून गेले, की घाटमाथ्यावर सातवाहनांचे लेणे लागते. राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती तिथे कोरल्या होत्या. आज वरची नावे वाचता येतात; मूर्ती गेल्या आहेत. काळ्या पाषाणाचे असे झाले. आणि पिठाचा चौक? तो दरवर्षी पुसला जातो, तरी दर लग्नसराईत परत येतो, कारण तो भिंतीत नसून काढणारीच्या हातात असतो.