निम्मी मुंगी

निकॉनचं ५५ मिलिमीटर एफ ३.५ मायक्रो-निक्कॉर १९६१ साली वस्तू फिल्मवर पूर्ण आकारात उतरवी. १९६३ च्या आवृत्तीत ते निम्म्यावर आलं. जाणकार यावर नाक मुरडतात. हातात कॅमेरा धरणाऱ्याला मी मात्र हे निम्मंच भिंग सुचवीन. जोडकडं लावून पूर्ण आकार मागा, की उजेडातून बारा आणे कापून हाती पावली! एफ ८ ला स्पष्टता जेमतेम मिलिमीटरभर. मुंगीच्या मिशा साधल्या तर पाय गेले. शिवाय फोकससाठी आपणच पुढे-मागे डुलायचं. शेजारच्या काकू विचारतात, "अंगात येतं का हो?" छत्तीसच्या रोळात निम्म्या आकाराच्या नऊ मुंग्या नीट आल्या, पूर्ण आकाराची एकही नाही. पण त्या नऊ! पायावरचे केससुद्धा मोजून घ्या.