खंजिरांचा संग्रह: एक टीकात्मक विचार

आमच्या अंबडच्या एका तरुण स्नेह्यास जुन्या खंजिरांचा संग्रह करण्याचा छंद नुकताच लागला आहे. आरंभ जावा बेटातील ‘क्रिस’पासून करावा असा त्याचा मनोदय असून, त्याने आमचा अभिप्राय विचारला. निवड उत्तम आहे. परंतु पात्याचा नागमोडी आकार हे जे कारण त्याने सांगितले, ते आम्हांस गौण वाटते. क्रिसची पाती सरळही असतात. नागमोडी असल्यास वळणांची संख्या परंपरेने विषम ठेवतात, इतकेच. खरे सौंदर्य पात्यावरील ‘पामोर’ नामक नक्षीत आहे. लोखंड व निकेलयुक्त धातू यांचे थर तापवून, ठोकून, पुनःपुन्हा दुमडून ती सिद्ध होते. अर्थात ती वरून काढलेली नसून धातूच्या अंगचीच असते.

दुसरी गोष्ट अशी की, क्रिसचे पाते, मूठ आणि म्यान ही एकाच वयाची असतीलच असे नाही. पाते पिढ्यान् पिढ्या टिकते. मूठ व म्यान बदलतात. आपल्याकडील ‘फिरंग’ तलवारीचेही तसेच: पाते युरोपातले, मूठ येथली. म्हणून शस्त्र हे जुन्या पोथीप्रमाणे वाचावे लागते. मूळ पाठ कोणता व प्रक्षेप कोणता हे न पाहता पोथीचा काळ सांगणारा पंडित आणि केवळ मुठीवरून खंजिराचा काळ सांगणारा संग्राहक, हे दोघेही सारखेच उतावळे होत.

दंतकथा हा तर सर्वांत मोठा प्रक्षेप. लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे २०२४ साली साताऱ्यास प्रदर्शनार्थ आली. १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी वापरली गेली ती हीच, असे निश्चित सांगता येत नाही, हे त्या संग्रहालयाने स्वतःच नमूद केले आहे. यामुळे कित्येकांस वाईट वाटले. परंतु महाराजांचे मोठेपण पोलादाच्या एका वस्तूवर थोडेच अवलंबून आहे? ‘निश्चित नाही’ असे लिहिण्याचे धैर्य ज्याच्या अंगी नाही, त्याने संग्रहाच्या भरीस पडू नये.

येथे आमचाही एक अपराध सांगितला पाहिजे. आमच्या घरी एक वडिलोपार्जित कट्यार होती. तरुणपणी एका दसऱ्यास, पूजेत ती लखलखीत दिसावी या हौसेने, आम्ही ती चिंच व विटेच्या भुकटीने घासघासून काढली. मुठीवरची सोनेरी वेलबुट्टी गेली आणि तिच्यातील चार अक्षरेही गेली. ते नाव कोणाचे होते, हे आता सांगणारे कोणी उरले नाही. जावातही ‘सुरो’ महिन्यात क्रिस विधिपूर्वक धुतात. लिंबाच्या रसाने स्वच्छ करून सोमलाचा संस्कार देतात. पण तो पामोर उठून दिसावा म्हणून! त्यांच्या धुण्याने लेख उजळतो, आमच्या धुण्याने तो पुसला गेला.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी सुमारे १९२० पासून दिवे, अडकित्ते, दरवाजे अशा घरगुती वस्तू जमविल्या व १९७५ साली तो संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. दुर्मीळ वस्तूच्या मागे धावण्यापूर्वी जवळची वस्तू पाहावी, हा त्यातील धडा आहे. म्हणून आमच्या स्नेह्यास आम्ही सुचविले की, पहिली खरेदी खंजिराची नव्हे, वहीची करावी. वस्तू कोठून आली, कोणी दिली, कोणत्या स्थितीत होती, तिच्याविषयी काय ऐकले आणि त्यातले पडताळले किती, हे त्या वहीत लिहावे. क्रिस मागाहून आला तरी चालेल. आधी स्वतःच्या घरची माळ्यावरची पेटी उघडावी; मात्र चिंच जवळ ठेवू नये.