‘मुंबईचे वर्णन’ आणि पाडलेला कोट

गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले. अभ्यासक त्यातून नावे व आकडे उचलतात आणि ग्रंथ मिटतात. हा परिपाठ ग्रंथावर अन्याय करणारा आहे. बार्टल फ्रिअर १८६२ मध्ये गव्हर्नर झाला व त्याच्या कारकीर्दीत कोटाची तटबंदी पाडण्यात आली. म्हणजे ग्रंथ वाचकांच्या हाती पडला त्याच सुमारास ‘कोटात’ आणि ‘कोटाबाहेर’ हा भेद पुसला जाऊ लागला. तट गेला, खंदक बुजला. उरली ती नावे. चर्चगेट म्हणताच आज स्टेशन आठवते, वेस नव्हे. सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात किल्ल्याचा एक अवशेष आहे, पण तो (मुंबईकरांनाही!) मुद्दाम शोधावा लागतो.

तथापि, या कारणाने ग्रंथाला नष्ट नगरीची विलापिका ठरविणे चूक होय. माडगावकरांना शहराच्या वाढीचे कौतुकच होते; हळहळ आपली आहे, त्यांच्या ‘आहे’चे ‘होते’ आपण करतो. संपादकाने ही हळहळ प्रस्तावनेत ओतू नये. नव्या आवृत्तीस शब्दार्थांच्या टीपांइतकीच, किंबहुना अधिकच, तट पडण्यापूर्वीच्या कोटाच्या नकाशाची गरज आहे.