तो पळत का होता? : 'सिटी लाइट्स' आणि त्याचे प्रेक्षक

"हा फ्रॉड आहे."

सिनेमा संपल्यावर माझ्या रूममेटने दिलेला हा पूर्ण रिव्ह्यू. बाणेरचा फ्लॅट, शनिवारची रात्र, आम्ही चौघं आणि लॅपटॉपवर चार्ली चॅप्लिनचा 'सिटी लाइट्स'. दुसऱ्याचं म्हणणं होतं की मधला अर्धा तास उडवला असता तरी काही बिघडलं नसतं. एक मैत्रीण काहीच बोलली नाही. तिचे डोळे भरून आले होते आणि ते आम्हाला दिसू नये म्हणून ती चहा टाकायला उठून गेली. मग ते दोघं शेवटी एकत्र येतात की नाही, यावर रात्री दीडपर्यंत वाद. उत्तर मिळालं नाही, चहा मात्र दोनदा झाला.

या सिनेमाबद्दल आदराने बोलणारे पुष्कळ आहेत. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने २००८ साली रोमँटिक कॉमेड्यांची यादी केली, तेव्हा पहिला नंबर याला दिला. समीक्षक जेम्स एजीने १९४९ मध्ये याच्या शेवटच्या प्रसंगाबद्दल असं लिहून ठेवलं, की पडद्यावर याहून मोठा अभिनय झालेला नाही. या सगळ्यानंतर आपण काय बोलणार? मान डोलवायची आणि 'क्लासिक' म्हणायचं. पण मला त्या रात्रीची आमच्या फ्लॅटमधली मतं जास्त कामाची वाटतात. विशेषतः 'फ्रॉड' हे.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक भटक्या, म्हणजे चॅप्लिनचा नेहमीचा ट्रॅम्प, ट्रॅफिक पोलिसाला चुकवायला उभ्या मोटारीत एका दारातून शिरतो आणि दुसऱ्या दाराने बाहेर पडतो. समोर फुलं विकणारी आंधळी मुलगी. मोटारीचं दार वाजलं म्हणजे उतरणारा श्रीमंतच असणार, असं तिला वाटतं. तो फूल घेतो, नाणं देतो. ती सुटे पैसे देणार तेवढ्यात मोटारीचा खरा मालक येतो, दार लावतो आणि निघून जातो. तिला वाटतं, साहेब सुटे न घेताच गेले. ट्रॅम्प तिथेच उभा असतो. 'अहो, मी इथेच आहे' म्हणायचं सोडून तो चवड्यांवर हळूच बाजूला होतो. पुढचा अख्खा सिनेमा या न बोलण्यावर उभा आहे.

गंमत बघा. सगळी गोष्ट एका आवाजावर टेकलेली आणि सिनेमा मूक. दार लागताना आपण पाहतो, ती ऐकते. तिला फक्त ऐकू येतं, आपल्याला फक्त दिसतं. हा दुवा चॅप्लिनला खूप दिवस सापडत नव्हता. या प्रसंगाचे ३४२ टेक झाले अशी गिनीजची नोंद आहे. इंटरनेटवर हा आकडा 'परफेक्शनिस्ट असावा तर असा' या थाटात फिरतो. मला तो वाचून वेगळीच आठवण होते. बिल्ड पुन्हा पुन्हा फेल होतंय, लॉगमध्ये काही नाही आणि माणूस एकेक गोष्ट बदलून रन करत बसलाय. तिथे परफेक्शन वगैरे नसतं, उत्तर माहीत नसतं एवढंच. मध्येच त्याने नायिका व्हर्जिनिया चेरिल हिला काढून टाकलं, जॉर्जिया हेलला घेऊन शेवटच्या प्रसंगाची चाचणी केली आणि मग पुन्हा चेरिललाच बोलावलं.

काळही विचित्र होता. ३० जानेवारी १९३१ ला लॉस एंजेलिसमध्ये पहिला खेळ झाला, तेव्हा हॉलिवूडमध्ये बोलपटांचंच राज्य होतं. सहाच आठवड्यांनी, १४ मार्चला, मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला आणि आपल्याकडचा पडदाही बोलू लागला. अशा वेळी हा गडी मूकपट घेऊन येतो आणि पहिल्याच प्रसंगात पुतळ्याच्या अनावरणाला आलेल्या पुढाऱ्यांच्या तोंडी शब्दांऐवजी पिपाणीचा फुरफुराट घालतो. बोलपटवाल्यांना याहून सभ्य शिवी कुणी दिली नसेल.

त्या पहिल्या खेळाला चॅप्लिनबरोबर आइनस्टाइन होता. सिनेमा रंगात आलेला असताना थिएटरवाल्यांनी तो मध्येच थांबवला, दिवे लावले आणि आमच्या नव्या थिएटरचं सौंदर्य बघा, म्हणून घोषणा केली. लोकांनी हुर्यो उडवली. हा किस्सा खुद्द चॅप्लिनने आत्मचरित्रात सांगितलाय. ऐन सीनमध्ये जाहिरात घुसवायची खोड जुनी आहे तर.

आता 'मधला भाग ओढलाय' या तक्रारीकडे येऊ. मधल्या भागात एक करोडपती आहे. दारूच्या नशेत तो नदीकाठी जीव द्यायला निघालेला असतो, ट्रॅम्प त्याला वाचवतो. नशेत असला की तो ट्रॅम्पला मिठ्या मारतो, पार्टीला नेतो, स्वतःची मोटार देऊन टाकतो. सकाळी उतरली की ओळख पुसलेली. हा कोण, बाहेर काढा याला. हे एकदा नाही, पुन्हा पुन्हा होतं. पार्टीत शिट्टी गिळण्याचा वगैरे धुमाकूळ आहे, पण मुलगी कुठे गेली, लव्ह स्टोरी कुठे गेली, असं वाटतं खरं. पहिल्यांदा पाहताना मलाही वाटलं होतं. दुसऱ्यांदा पाहताना मात्र मी उठून बसलो.

या शहरात ट्रॅम्पवर माया करणारी माणसं दोनच. एकाला तो नशेत असतानाच आवडतो. दुसरीला तो दिसत नाही म्हणून आवडतो. दोघांचंही प्रेम खरं आहे, फक्त ते नजर शाबूत नसतानाचं आहे. करोडपतीची नजर साफ झाली की काय होतं, हे सिनेमा आपल्याला इतक्या वेळा दाखवतो की ते अंगवळणी पडतं, हसूही येतं. आणि मग ट्रॅम्प काय करतो? त्या मुलीची नजर साफ व्हावी म्हणून पैसे जमवायला लागतो. रस्ते झाडतो, बॉक्सिंगच्या रिंगणात उतरून रेफरीच्या मागे लपतो, मार खातो. ऑपरेशन यशस्वी झालं तर आपली गतही सकाळच्या करोडपतीपुढे होते तशीच होणार, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? मधला अर्धा तास उडवलात तर शेवटची दोन मिनिटं नुसती गोड उरतील. त्यांतली भीती जाईल.

म्हणून मला रूममेटचं 'फ्रॉड' पटतं. 'निःस्वार्थ प्रेम', 'त्याग' हे शब्द या सिनेमाला चिकटवले जातात तेव्हा तो खोटं बोलतोय ही गोष्ट आपण सतरंजीखाली सारतो. चॅप्लिन सारत नाही. करोडपतीची रोल्स-रॉइस चालवत असताना ट्रॅम्पला फुटपाथवर सिगारचं थोटूक दिसतं, तर तो गाडीतून उतरतो, दुसऱ्या भिकाऱ्याला ढकलतो आणि थोटूक घेऊन परत गाडीत बसतो. असा माणूस आहे तो. शेवटी हजार डॉलर हातात येतात, ते तिला देतानाही एक नोट स्वतःच्या खिशात ठेवतो. ती त्याच्या हाताचं चुंबन घेते, तेव्हा लाजून तीही देऊन टाकतो. संत असता तर ती नोट खिशात गेलीच नसती. आणि तिच्या घरातला तो लोकरीचा प्रसंग. गुंडा करताना तिच्या हाती त्याच्या बनियनचाच धागा लागतो आणि ती तो ओढत जाते. बनियन उसवत राहतं. हा वळवळतो, पण बोलत नाही. बोलला तर श्रीमंत माणसाचं सोंग उसवेल.

इथे स्वतःचं थोडं सांगतो. मागच्या वर्षी माझी नोकरी गेली. पंधरा मिनिटांचा कॉल, आमची निम्मी टीम. मी घरी सांगितलं नाही. अडीच महिने बाबांच्या "काम कसं चाललंय?" ला "मस्त" म्हणत होतो आणि दर महिन्याच्या एक तारखेला नेहमीसारखे पैसे सांगलीला पाठवत होतो, सेव्हिंगमधून. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, पोरगा किती करतो घरासाठी. त्यात त्याग-बिग काही नव्हता. बाबांनी मला त्या अवस्थेत पाहू नये, एवढंच. त्यांना ते शेवटी मावसभावाकडून कळलं, आणि ते काय म्हणाले ते मी इथे लिहिणार नाही.

हे सगळं निवळल्यावर आईबाबा पुण्याला आले होते, तेव्हा हाच सिनेमा मी टीव्हीवर लावला. आई बॉक्सिंगला इतकी हसली की तिला ठसका लागला. बाबा शांत होते.

शेवट तुम्हाला कुठूनतरी माहीत असेलच, तरी पुन्हा बघा, आणि पहिल्या नजरेत रडायची घाई करू नका. ट्रॅम्प चोरीच्या आळावर तुरुंगात जाऊन सुटलाय. कपड्यांच्या चिंध्या झाल्यात, पेपर विकणारी पोरं त्याची टर उडवतायत. मुलीला आता दिसतं, तिचं फुलांचं दुकान आहे. काचेआडून ती हा तमाशा बघते आणि हसते. आपणही हसत असतो, तासाभरापासून याच माणसाला हसतोय. तो वळतो, तिला बघतो आणि थिजतो. हातातल्या फुलाच्या पाकळ्या गळतायत. हा आपल्यावर भाळलाय, असं म्हणून ती पुन्हा हसते. आजची, धडधाकट डोळ्यांची, दयाळू ग्राहकासारखी ती. सकाळचा करोडपती निदान हाकलून तरी देत होता, ही भीक देतेय. एक ताजं फूल आणि एक नाणं पुढे करते. आणि तो निघून जायला लागतो.

इथे बाबा पहिल्यांदा बोलले. "तो पळतोय का? त्यानेच तर तिचे डोळे बरे केले ना?"

मी काही बोललो नाही. ते माझ्याकडे बघत नव्हते, पडद्याकडेच बघत होते.

ती बाहेर येते. तो फूल घेतो, नाणं घेत नाही. ती त्याचा हात धरून नाणं तळव्यात ठेवते आणि तिचा हात थांबतो. डोळ्यांना जे कळलं नाही ते बोटांना कळतं. ती त्याच्या बाहीवरून, कोटावरून हात फिरवत वर जाते. चेहऱ्यावरचं हसू गेलेलं असतं. तिथे आनंद आहे असं म्हणणाऱ्यांनी एकदा तिचा चेहरा थांबवून बघावा. आधी धक्का आहे. दुकानात कुणी रुबाबदार तरुण आला की तोच असेल का, म्हणून ती मान वर करायची. त्या स्वप्नातला माणूस तिच्या डोळ्यांसमोर मरतोय आणि त्याच्या जागी हा उभा आहे. तो विचारतो, आता दिसतं? ती म्हणते, हो, आता दिसतं. मराठीत 'दिसणं' आणि 'उमजणं' असे दोन शब्द आहेत. इंग्रजीत तिथे एकच आहे, आणि तो दोन्ही कामं करतो.

मग त्याचा चेहरा. बोटं तोंडाशी, फूल हातात, हसू आणि शरम एकाच वेळी. अंधार. पुढे काहीच नाही. आमचा दीड वाजेपर्यंतचा वाद म्हणून फुकट होता. लग्न होतं की नाही, हा सिनेमाचा प्रश्नच नाही. आता तो लपलेला नाही आणि तिने त्याचा हात सोडलेला नाही, इथपर्यंतच कॅमेरा थांबतो. रूममेट म्हणतो, ही पळवाट आहे. असेल. पण पुढची दोन मिनिटं दाखवली असती, तर एकतर तो त्यागमूर्ती झाला असता किंवा ती देवी.

टीव्हीचा पडदा काळा झाल्यावर आई उठून कुकर लावायला गेली. बाबा बसून राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "मागे घे जरा. ती हात धरते तिथून."