मॅकिंटॉशची धार कुठे बोथट झाली?

ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकाची कार्यप्रणाली नावीन्य गमावून बसली, असे १९९० नंतर वारंवार म्हटले जाऊ लागले. कारणही ठरलेले: इतरांनी, विशेषतः मायक्रोसॉफ्टने, तिच्या खिडक्या आणि चित्रे उचलली. हे कारण मला अपुरे वाटते. खिडक्या व माऊस या कल्पना मुळात ॲपलच्याही नव्हत्या. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील प्रयोगशाळेत त्या १९७० च्या दशकातच वापरात होत्या. त्यांतून सामान्य माणसाला हाताळता येईल असे यंत्र घडवणे, हे ॲपलचे खरे श्रेय. ते कोणी हिरावून घेतलेले नाही.

दुखणे आत होते. १९८४ चा पहिला मॅकिंटॉश अवघ्या १२८ किलोबाइट मेमरीचा. एवढ्याशा जागेत एका वेळी एकच प्रोग्रॅम चालणार, हे धरूनच प्रणालीची रचना झाली. तेव्हा ते शहाणपणच होते. पुढे एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम चालवण्याची सोय हवीशी झाली, तेव्हा १९८७ मध्ये ती जुन्याच रचनेवर बसवण्यात आली. ती कशी चाले? एका वर्गाची कल्पना करा. बोलणाऱ्या मुलाने आपण होऊन थांबायचे, मग दुसऱ्याने बोलायचे. मध्येच घंटा वाजवण्याचा अधिकार शिक्षकाला नाही. एखादे पोर बोलतच सुटले, की सारा वर्ग खोळंबला! शिवाय प्रत्येकाची वही सर्वांना उघडी. एका प्रोग्रॅमच्या चुकीने दुसऱ्याचे, अगदी प्रणालीचेही, लिखाण बिघडू शके. मग पडद्यावर बॉम्बचे चित्र उमटे आणि यंत्र पुन्हा सुरू करावे लागे. (चित्र मात्र सुबक असे.) घंटा वाजवणारी व्यवस्था युनिक्समध्ये फार पूर्वीपासून होती, १९९५ च्या विंडोजमध्येही नव्या धाटणीच्या प्रोग्रॅमांपुरती ती आली.

पाया बदलण्याचा प्रयत्न झालाच नाही, असे नव्हे. 'कोपलँड' नावाची नवी प्रणाली आखली गेली. पण जुने प्रोग्रॅमही चालले पाहिजेत आणि नव्या सोयीही हव्यात, या ओढाताणीत १९९६ मध्ये ती गुंडाळावी लागली. त्याच वर्षाच्या अखेरीस ॲपलने 'नेक्स्ट' ही कंपनी विकत घेण्याचे ठरवले. ॲपलमधून बाहेर पडल्यावर स्टीव्ह जॉब्स यांनी १९८५ मध्ये ती काढली होती. तिच्या प्रणालीवरून २००१ मध्ये मॅक ओएस टेन तयार झाली. गंमत अशी, की या 'नव्या' प्रणालीच्या पोटात १९६९ पासून वाढत आलेल्या युनिक्सचा वारसा होता.

अलीकडे दरवर्षी नवी आवृत्ती येते आणि वाद होतो तो बहुधा रंगरूपावर. २०२५ मध्ये काचेसारख्या पारदर्शक खिडक्यांवर झाला. त्यावरून प्रणालीची धार गेली असे म्हणणे मला पटत नाही. २००६ मध्ये इंटेलच्या आणि २०२० मध्ये ॲपलच्या स्वतःच्या प्रोसेसरवर हीच प्रणाली नेता आली. २००७ चा आयफोनही याच पायावर उभा राहिला. तो पाया ॲपलच्या घरात घातला गेला नव्हता, एवढे मात्र तिच्या चाहत्यांनी ध्यानात ठेवावे.