नाकतोडा, उडालेला लाल रंग आणि वणीचा गड

‘दिसलं’ आणि ‘समजलं’ यांत किती अंतर असतं, हे शिकवणारं एक चित्र आज बघूया.

व्हॅन गॉखचं ‘ऑलिव्ह ट्रीज’, 1889. फ्रान्समध्ये सेंट-रेमीच्या मनोरुग्णालयात असताना त्याने जैतुनाच्या बागा पुन्हा पुन्हा रंगवल्या. त्यातलं हे चित्र आता कॅन्सस सिटीच्या नेल्सन-अ‍ॅटकिन्स संग्रहालयात आहे. दृक्प्रत्ययवाद्यांकडून उचललेले सुटे फटकारे इथे वळायला लागतात. जमीन, खोडं, पानं एकाच लयीत ढवळून निघतात. जैतून म्हटलं की बायबलमधली गेथशेमाने बाग आठवते. पण येशू न काढताही ती वेदना दाखवता येते, असं व्हॅन गॉखचं मत होतं. हे चित्र बघून मला ते पटतं.

2017 मध्ये याच चित्राच्या रंगात अडकलेला बारीकसा नाकतोडा सापडला. तुम्ही असता तर काय म्हणाला असता? ‘चला, चित्र कुठल्या ऋतूतलं ते ठरवू!’ मीही तेच म्हणालो असतो. कीटकतज्ज्ञ मायकेल एंगेल यांनी तपासलं, तर वक्ष आणि उदर गायब, भोवतालच्या रंगात धडपडीची खूण नाही. म्हणजे रंगात आला तेव्हा तो मेलेलाच होता. आधी किती दिवस मेला होता, कोण सांगणार? ऋतूचा मुद्दा तिथेच संपला. पुरावा खरा होता, पण आपल्या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं.

त्याच तपासणीत प्रकाशाने उडणारा एक लाल रंगही आढळला. म्हणजे आज दिसणारं चित्र कदाचित 1889 सालचं नाही. मग वर मी फटकाऱ्यांबद्दल बोललो, रंगांबद्दल गप्प बसलो, ते उगाच नाही.

वणीजवळच्या सप्तशृंगगडावर नेमकं उलटं घडलं. तिथे लाल रंग साचत गेला. 2022 मध्ये देवीच्या मूर्तीवरचे शेंदराचे थर उतरवले आणि पिढ्यान् पिढ्या झाकलेलं कोरीव रूप समोर आलं. त्याआधी दर्शन घेणारे काही चुकीचं बघत नव्हते. ते थर बघत होते.

तुमच्या डेटावरही असे थर असतात. पहिला आलेख काढण्याआधी वहीत दोन रकाने पाडा: काय दिसलं, आणि मधल्या काळात काय साचलं किंवा उडालं असेल. दुसरा रकाना रिकामा राहिला, तर निष्कर्ष लिहायची घाई करू नका.