मुंगीकडे जाण्याचे श्रम

आळशी माणसाला मुंगीकडे पाठविणारे नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायातील वचन आपल्या घराघरांत परिचित आहे. त्या वचनातील क्रम मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. तिथे आधी मुंगीकडे जायचे आहे, तिची राहणी पाहायची आहे. शहाणपण येते ते त्यानंतर. आपण शहाणपण अगोदरच पदरी बांधून निघतो आणि मुंगीकडे जाण्याचे श्रम वाचवितो. मराठीतील बऱ्याचशा निसर्गलेखनाविषयी, आणि त्याहून अधिक आपल्या भक्तिपर लेखनाविषयी, माझी हीच तक्रार आहे. ती स्पष्ट झाली डहाणूच्या जिव्या सोमा म्हसे यांची चित्रे पाहताना.

वारली चित्र हे मुळात लग्नघरातील चौकाचे चित्र. सुवासिनींनी तांदळाच्या पिठाने सारवलेल्या भिंतीवर ते काढायचे. १९७०च्या दशकात भास्कर कुळकर्णी या भागात आले, तेव्हा त्यांना भेटलेले म्हसे पुरुष असून आणि दारी लग्न नसतानाही चित्रे काढीत होते. बालपणी आई दुरावल्यावर हा मुलगा बराच काळ बोलत नसे, धुळीत रेघा ओढून मनातले सांगे, असे त्यांच्याविषयी सांगतात. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले.

त्यांची मुंग्यांची चित्रे पाहावीत. पांढऱ्या बारीक फटकाऱ्यांची दाटी सबंध कागदभर पसरलेली असते. मध्यभागी कोणी नायक नाही, कोपऱ्यात बोध नाही. दुरून पाहता नुसती थरथर दिसते; जवळ गेले की एकेक मुंगी वेगळी होते. माशांच्या जाळ्याच्या चित्रात तर जाळेच कागद व्यापून राहते आणि ते फेकणारा कोळी शोधावा लागतो. माणसाचे माप इतके लहान धरणारा चित्रकार मुंगीकडून उपदेशाची अपेक्षा करीत नाही. ती तिच्या कामात आहे, एवढे त्याला पुरते.

ही नजर कोठून आली? ‘निसर्गाच्या लेकरांची निरागसता’ असे उत्तर देण्याची आपल्याकडे रीत आहे. ते उत्तर मला खोटे वाटते. १९४५ साली तलासरीजवळच्या झरी गावी वारली एकत्र आले ते वेठीविरुद्ध. त्या लढ्याची हकीगत गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात आहे. ज्याला सावकाराचे गवत कापायला रानात जावे लागे, त्याचे चालणे ही सहल नव्हती. पायाखाली विंचू असेल म्हणून पाहायचे, शेताच्या बांधावरचा खेकडा रात्रीच्या कालवणाला होईल म्हणून पाहायचे. रोजच्या वाटेवर भय आणि भूक यांनी हे डोळे घडविले आहेत. म्हणूनच त्या चित्रांत लाडिकपणा नाही.

२००३ साली जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे म्हसे आणि ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांचे एकत्र प्रदर्शन झाले. लाँग यांची कला चालण्याचीच. १९६७ साली ते एका कुरणात पुनःपुन्हा येरझाऱ्या घालीत राहिले, गवतावर उमटलेल्या रेषेचे छायाचित्र घेतले, आणि तीच त्यांची कलाकृती ठरली. ही जोडी ज्याला सुचली त्याचे कौतुक केले पाहिजे. पण दोघांतला भेदही सांगितला पाहिजे. लाँग यांच्या रेषेत चालणारा एकच आहे. म्हसे यांच्या चित्रात वाट सर्वांची आहे, आणि चालणाऱ्यांत मुंगीही आली.

उणेही सांगायला हवे. वारली चित्रावरून मुंगीची जात कळणार नाही, आणि वारूळ बांधणारी वाळवी व इकडेतिकडे फिरणारी मुंगी यांतील फरकही कळेलच असे नाही. त्यासाठी मारुती चितमपल्लींकडेच जावे लागेल. दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्र’मधला बाराही महिन्यांचा साक्षेप तर अजून कोणाला साधलेला नाही. मात्र चितमपल्लींचे रान विदर्भातले. डहाणूच्या खाडीतील चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्यांना, पहिल्या पावसानंतर मातीतून निघणाऱ्या मखमली लाल मृगाच्या किड्यांना मराठी गद्यात अद्याप पुरेशी जागा मिळालेली नाही.

आपल्या भक्तिपर लेखनात मुंगी आली की परिश्रम आणि चिमणी आली की परमेश्वरी काळजी, हे ठरलेले. असिसीच्या संत फ्रान्सिसलाही आपण पाखरांपुढे प्रवचन करणारा म्हणूनच चितारतो. त्याच्या प्रसिद्ध सृष्टिगीतात सूर्य, चंद्र, वारा, पाणी, अग्नी, धरणीमाता आहेत. एकाही पक्ष्याचे वा प्राण्याचे नाव नाही. उलट त्याचा आद्य चरित्रकार चेलानोचा थॉमस नोंदवितो की वाटेत दिसलेले किडे तो उचलून बाजूला ठेवी, कोणाच्या पायाखाली ते येऊ नयेत म्हणून. मला हा फ्रान्सिस प्रवचनकार फ्रान्सिसपेक्षा अधिक खरा वाटतो. किडा उचलण्यासाठी तो आधी दिसावा लागतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात प्रत्येक प्राणिमात्राला माणसाच्या उपयोगापलीकडे स्वतःचे मोल असल्याचे म्हटले; त्याचा आरंभ या वाकण्यात आहे.

इकडे वारली चित्र साड्यांवर, कपबशांवर, आपल्या नाताळच्या भेटकार्डांवरही आले. गव्हाणीभोवती तारपा वाजविणारा आणि फेर धरणारी माणसे असतात, सुबकही असतात. मुंग्या मात्र गळाल्या आहेत. छपाईला त्या फार बारीक पडत असाव्यात, किंवा गिऱ्हाईकाला नको असाव्यात. चौकटीत फक्त माणसे उरली की ते वारली चित्र राहते का, असा प्रश्न आमच्या कलामंडळांनी कधी विचारल्याचे मी ऐकलेले नाही.

गेल्या पावसाळ्यात धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांबरोबर तलासरीकडच्या एका पायवाटेने गेलो होतो. आंब्याच्या बुंध्यावरून लाल मुंग्यांची रांग चढत होती. सवयीने मी नीतिसूत्रे सांगू लागलो. एक मुलगी उकिडवी बसून वर जाणाऱ्या मुंग्या मोजत होती. माझ्या बोलण्याने तिचा आकडा चुकला. तिने वैतागून माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.